फील्ड सरळ पाहिजे

आमच्या शिरूरच्या स्कॅन सेंटरमध्ये रोज सकाळी पहिला पेशंट म्हणून एमआरआयच्या मशीनमध्ये पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा गोळा झोपतो. त्याला झोपवणारे शकीलभाई, आमचे टेक्निशियन. गोळ्याचा फोटो गोल आला तर चहा. जरा लंबुळका आला तर चहा नाही, मला ‘गुड मॉर्निंग’ही नाही.

“फील्ड सरळ पाहिजे,” एवढंच म्हणतात. चुंबकाचं बळ आत सगळीकडं सारखं पाहिजे. कुठं कमीजास्त झालं की फोटोतला मेंदू ओढल्यासारखा वाकडा दिसतो, असं त्यांनी मला समजावलंय. मी काउंटरला बसते. मी न विचारताच समजावलंय.

धातूच्या बाबतीत त्यांचा कुणावर विश्वास नाही. नव्या नवरीच्या अंबाड्यातून इतक्या पिना काढल्या, की नवरा म्हणाला, “हिला घरी तरी ओळखतील का?”

गेल्या महिन्यात वडगाव रासाईच्या ठकूआज्जी आल्या. कपाळ दुखायचं. दुसरीकडं काढलेल्या स्कॅनमध्ये नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या भागात काळा डाग दिसला होता. गाठ असेल, ऑपरेशन लागेल, या भीतीनं मुलाचा चेहरा उतरला होता.

“अंगावर धातू?”

“न्हाई.”

चाचणीच्या पहिल्याच फोटोत तोंडाच्या जागी काळं भगदाड. शकीलभाई आत गेले. “आज्जी, तोंडात काय हाय?”

“दात.”

“कुणाचं?”

“माझंच की! म्या बसवून घेतल्यात!”

कवळी निघाली, धातूच्या पट्टीची. मागच्या वेळीही तोंडातच होती. ती काढल्यावर भगदाड गेलं, पण नाकातल्या हवेमुळं कपाळामागं फोटो अजून जरा ताणलेला होता. दुसऱ्या कुणी तेवढ्यावर सोडून दिलं असतं. शकीलभाईंनी तेवढ्याच भागावर मशीन पुन्हा जुळवायला घेतलं. पण तोवर आज्जी घाबरल्या, आत हलायला लागल्या. “मला गाडल्यावानी वाटतंय रं!”

शकीलभाई माइकवर म्हणाले, “आज्जी, मेंढरं राखलीत का कवा?”

“सारा जलम!”

“मग आवाज चालू झाला की कळप मनातल्या मनात पुढं न्या. डोकं हलवायचं न्हाई. आवाज थांबला की सांगा कुठं पोचला ते.”

मशीन धडधडलं, थांबलं.

“कुठवर?”

“वढ्यापत्तूर.”

पुन्हा धडधड. “आता?”

“नदीला. पानी पित्यात. गप ऱ्हा जरा.”

फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी दोनदा पाहिला. गाठ नाहीच. डाग कवळीचा होता. कपाळ चष्म्याच्या नंबरामुळं दुखत असेल म्हणून आज्जींना डोळे तपासायला पाठवलं. मुलगा बाकावर बसून ढसढसा रडला.

निघताना आज्जींनी शकीलभाईंचा हात धरला. “तुझ्या घरी कोन कोन हाय?”

या माणसाला आजवर कुणी उलट प्रश्न विचारला नव्हता. म्हणाले, “बायको वारली. पोरगी दुबईला. दौंडला घर हाय, बंदच असतंय.”

“मंग ऐतवारी जेवाया ये.”

त्यांनी मान डोलावली. आज्जी बोलायचं म्हणून बोलल्या असतील, असं मला वाटलं.

शनिवारी शकीलभाई काउंटरशी आले. काही तरी विचारायचं होतं, पण पेनाचीच उघडझाप करत राहिले. शेवटी खालच्या आवाजात म्हणाले,

“कुणाच्या घरी जेवायला जाताना... काय न्यायचं असतं?”