ट्रॉलीवर रेंज होती

माधुरी माहेरी गेली की तिला रोज फोन करता यावा, एवढ्या साध्या आणि प्रेमळ हेतूनं मी मोबाईल घेतला. (निदान माधुरीला मी असंच सांगितलं. खरी गोष्ट अशी, की श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात तोवर फक्त चेअरमनसाहेबांकडं मोबाईल होता. शेतकी खात्यातला एक साधा क्लार्क खिशातून मोबाईल काढतो तेव्हा लोक कसे बघतात, ते मला एकदा बघायचं होतं.) साल नव्व्याण्णव. नगरच्या दुकानदारानं त्यात प्रीपेड कार्ड घालून दिलं, बोटभर एरियल ओढून दाखवली आणि म्हणाला, "फुल रेंज!" तिथं खरोखरच फुल रेंज होती, कारण टॉवर त्याच्या दुकानाच्या मागंच होता.

एस्टी नगरपासून जसजशी लांब आली तसतशा पडद्यावरच्या रेंजच्या काड्या एकेक करून उतरल्या. घरात शिरलो तेव्हा एकही शिल्लक नव्हती. मी हार मानणारा माणूस नाही. फोन हातात धरून मी सगळं घर फिरलो, कॉटखाली शिरलो, पोटमाळ्यावर चढलो. शेवटी स्वयंपाकघरात, स्टुलावर उभं राहून मान डाळीच्या डब्यांमध्ये घातली, की एक काडी यायची. तीही आपल्या मर्जीनं.

"हे असं बोलायचं मला?" माधुरी खालून म्हणाली.

"अगं, हीच तर टेक्नॉलॉजी आहे!" मी डब्यांतून ओरडलो.

तिचा धाकटा भाऊ पंकज, त्याच्या साखरपुड्यासाठी ती कर्जत तालुक्यातल्या माहेरी गेली. तिच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या मालनबाईंच्या किराणा दुकानात होता. तिथं फोन केला, की मालनबाई दारातून हाक मारायच्या आणि माधुरी यायची. साखरपुडा झाल्यावर एस्टीच्या गर्दीत हाल करून घेण्यापेक्षा रविवारी आपणच मित्राची जीप घेऊन तिला आणायला जावं, असं माझ्या मनात आलं. हा विचार माझ्या संसारातल्या चांगल्या विचारांपैकी एक होता. मी स्टुलावर चढलो, मान डब्यांत घातली, नंबर लावला. लागला! मालनबाईंनी हाक मारली, माधुरी आली.

"माधुरी, ऐक," मी म्हणालो. "तू येऊ नकोस!"

"काय?"

"येऊ नकोस म्हणतोय! मीच..."

आणि रेंज गेली.

'मीच रविवारी न्यायला येतो' हे पुढचं वाक्य मी पुरं बोललो, पण ते फक्त तूरडाळीनं ऐकलं. परत नंबर लावला. परत लावला. स्टूल इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. फोन जो झोपला तो झोपलाच.

दोन दिवसांनी पंकज सायकल हाणत कारखान्यावर हजर झाला.

"जय भीम, दाजी."

"जय भीम. काय रे, सगळं ठीक?"

"ठीक कुठलं! ताईनं फोनवर तुमचं ऐकलं आन मोठ्यानं म्हणाली, 'येऊ नको? मी येऊ नको?' दुकानात धा-बारा बाया हुत्या. आता सगळी आळी म्हणती, माधुरीला नवऱ्यानं टाकलं."

मी कपाळावर हात मारला आणि त्याला जीपची सगळी हकिगत सांगितली.

"मला पटलं, दाजी," तो म्हणाला. "ताईला बी पटंल. पर त्या बायांना कोन पटवनार? ताई म्हणती, ज्या फोनवरनं आळीसमोर येऊ नको म्हणलं, त्याच फोनवरनं ये म्हणा. तवर ती काय येत न्हाई. आनायला बी येऊ नका."

मला राग आला. मग वाईट वाटलं. घरी गेलो की दिवासुद्धा लावावासा वाटेना. भाकरी थापायला बसलो तर जिल्ह्याचा नकाशा व्हायचा, तालुक्यांच्या हद्दींसकट. मी ठरवलं, की आता काय वाट्टेल ते होवो, याच मोबाईलवरून तिला 'ये' म्हणायचं आणि तिनं 'येते' म्हटलेलं ऐकायचं.

(ठरवलं खरं, पण आधी एक चोरवाट करून बघितली. एस्टी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये गेलो, काचेचं दार लावून घेतलं आणि तिथून फोन केला.)

"माधुरी, मी मोबाईलवरून बोलतोय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "खोटं बोलू नका."

"अगं, खरंच!"

"आवाज किती चांगला येतोय! तुमच्या फोनचा असा येतो व्हय कधी?" आणि तिनं फोन ठेवून दिला. तेवढ्यात बूथवाल्याचं मशीन टर्र करून बिल छापायला लागलं. ते तिला ऐकू गेलं नाही, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवसापासून मी रेंजच्या मागं लागलो. कँटीनच्या पत्र्यावर चढलो, तर खालून आचाऱ्यानं झारा दाखवला. ऑफिसच्या गच्चीवर अर्धी काडी मिळाली, पण ती चेअरमनसाहेबांच्या खिडकीच्या बरोबर वर होती आणि त्यांना माझ्या चपला दिसत होत्या. पाण्याच्या टाकीवर नक्की रेंज असणार, पण वॉचमन म्हणाला, "टाकीवर चढलेली मान्सं जीव द्यायलाच चढत्यात, भाऊसाहेब. माझी नोकरी जाईल." त्याची समजूत घालता घालता माझं लक्ष समोरच्या यार्डात गेलं.

हंगाम ऐन भरात होता. वजनकाट्यापुढं ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकेका ट्रॉलीवर ऊस असा रचलेला, की बघताना टोपी पडावी. म्हणजे टाकी सोडली तर सगळ्या परिसरातली उंच जागा कुठली? उसानं भरलेली ट्रॉली!

रांगेतली पुढून दुसरी ट्रॉली गाठली. ट्रॅक्टरवर पटकेवाले एक म्हातारे शेतकरी बसले होते.

"दोन मिनिटं वर चढू का?" मी विचारलं.

"कशापायी?"

"घरी बोलायचंय."

त्यांनी वर उसाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "चढा," ते म्हणाले.

चढलो. पाचटानं हात कापले, पँट उसवली, पण वर उभा राहिलो आणि फोन उंच धरला, तर तीन काड्या! डोळ्यांवर विश्वास बसेना. नंबर लावला. मालनबाईंचा आवाज आला. "थांबा हं, बोलावते तिला," म्हणाल्या आणि फोन तसाच बाजूला ठेवून गेल्या. मी कानाला फोन लावून थांबलो. तेवढ्यात खाली ट्रॅक्टर सुरू झाला आणि रांग पुढं सरकली. मी उकिडवा बसलो, उसाच्या मोळीला मिठी मारली, पण कानाचा फोन सोडला नाही. आमचा नंबर आला आणि ट्रॉली माझ्यासकट वजनकाट्यावर जाऊन उभी राहिली.

काट्यावर गहिनीनाथ होता. माझा दोस्त, पण ड्युटीवर बसला की सख्ख्या बापालाही ओळखत नाही.

"ए भीमराज!" त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "उतर खाली! तुझं वजन होतंय!"

"एक मिनिट! रेंज आहे!"

"इथं उसाचं वजन करत्यात! तू काय ऊस हायेस का?"

"उतरलो तर रेंज जाईल!"

"न्हाई उतरलास तर माझी नोकरी जाईल!"

मागचे ट्रॅक्टर हॉर्न मारायला लागले. उसतोडीची माणसं, ड्रायव्हर, कँटीनचा आचारी, सगळे गोळा झाले. एकटे ते पटकेवाले शेतकरी शांत होते. त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं.

"तुमी कर्जतकडच्या रंभाजीचं जावई न्हवं?"

मी मान हलवली. रंभाजी म्हणजे माझे सासरे.

"मी सहादेव. त्यांच्याच गावचा," ते म्हणाले. मग हळूच, अगदी मायेनं, "बोला, जावईबापू, बोला. घाई न्हाई. कायबी मनात ठेवू नका. सगळं बोला."

(माणूस बेरकी आहे, मी मनात म्हणालो. उसात माझंही वजन धरलं जातंय, म्हणून हे प्रेम.)

फोनमध्ये काहीतरी खुडबुडलं. आली! मी उभा राहिलो. सगळं यार्ड खाली, वर मी, आणि माझ्या मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"माधुरी!" मी ओरडलो. "मी येऊ नकोस म्हणालो ते एस्टीनं येऊ नकोस म्हणालो! मी जीप घेऊन येणार होतो! तू नाहीस तर घर खायला उठलंय! मला भाकरी जमत नाही! तुझ्याशिवाय मला काहीच जमत नाही! मालनबाईंना सांग, सगळ्या आळीला सांग, मी सगळ्यांसमोर सांगतोय, तू ये! माधुरी, ये!"

खाली हॉर्नसुद्धा थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडं पाचटाचं कुसळही गेलं होतं, पण थोडंच.) सहादेव तात्यांनीही पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. गहिनीनाथनं नाइलाजानं बटण दाबलं, आणि कारखान्यानं एका क्लार्कचं ऊस म्हणून वजन केलं.

"येशील ना?" मी फोनला विचारलं.

उत्तर नाही. फोन कानापासून काढून बघितला, तर बॅलन्स संपलेला. कधी संपला होता, कुणास ठाऊक. तेवढ्यात ट्रॅक्टर ऊस गाळपाला टाकायच्या गव्हाणीकडं निघाला. पुढं मोळ्या उचलणारी क्रेन उभी होती, म्हणून मी उडी मारली.

ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. तिनं किती ऐकलं? एस्टीपर्यंत ऐकलं, की जीपपर्यंत? की काहीच नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडलं, तर दारात माधुरी! हातात पिशवी. मला इतका आनंद झाला, की तिची पिशवी घेताना माझ्या हातून दार परत लागलं. पुन्हा उघडलं. ती आत आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाली, "बसा हं. दमू नका," की मला जरा भीतीच वाटली.

"शेवटी पोचला ना माझा फोन?" मी छाती काढून म्हणालो. "ऐकलंस ना सगळं?"

"कुठलं सगळं? मालनकाकूंनी हाक मारली, मी पळत गेले, तर नुसतं टूं टूं. तशीच माघारी आले."

"मग आज आलीस कशी?"

"काल सांजच्याला सहादेव तात्या घरी आले. आबांना बाजूला घेऊन म्हणले, पोरीला लगेच धाडून द्या, जावयाचं काय खरं न्हाई. ट्रॉलीवर चढून हातातल्या डब्याशी बोलत हुते, रडत हुते. अडवलं तर आणखी बिघडंल, म्हणून मी आपलं बोला बोला म्हणत ऱ्हायलो."

"अगं, मी तुझ्याशी बोलत होतो!"

"पर मी फोनवर न्हवतेच की."

"नव्हतीस, पण मला वाटलं..."

"मग पलीकडं कोन हुतं?"

मी बराच विचार केला. खोटं बोलायची सोय नव्हती.

"कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

माधुरीनं माझा हात हातात घेतला आणि पदरानं डोळे टिपले.

"तात्या बी हेच म्हणत हुते."