वाशीमचा डॉक्टर आणि दोन गल्ल्या

आमच्या उपकेंद्रातल्या टॅबवर दिसणाऱ्या डॉक्टरला जीभ दाखवायला लावणारा पेशंट एकच, गुलाबकाका. डॉक्टर वाशीमला बसतात, मी मानोरा तालुक्यातल्या या गावात नर्स आहे, आणि मध्ये हा टॅब. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी जीभ बघायला मागितली. काकांनी दाखवली आणि म्हणाले, "आता तुमी दाखवा. मानूस हाय का फोटो, मले बी समजू द्या."

डॉक्टर बिचारे तरुण. त्यांनी दाखवली.

तेव्हापासून काका बीपी तपासायला आले की आधी डॉक्टरांचीच तपासणी व्हायची. जेवले का, डोये लाल काहून, असे वाकून काहून बसले. गोळ्या लिहून दिल्या की "पाहून घेऊ" म्हणत उठायचे. घ्यायचे की नाही कोण जाणे. बीपी काही उतरायचं नाही.

यंदा सोयाबीनच्या सोंगणीत काका वेगळंच मागणं घेऊन आले. त्यांची बायको सिंधुकाकी लकव्यानं दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, वाचाही गेलेली. तिच्या पाठीला जखम झाली होती, ती डॉक्टरांना दाखवायची होती. मी म्हटलं, टॅब केंद्राबाहेर नेता येत नाही, काकींना इकडे आणा. काका बाकावर बसले ते उठेचनात.

"वाशीमचा डॉक्टर एवढ्या दूरून तुमच्या टेबलावर येते," ते म्हणाले, "मंग दोन गल्ल्या वलांडून माह्या घरी काहून येत नाही?"

मी वरिष्ठांना फोन लावून तेच विचारलं. ते म्हणाले, नियम बघून सांगतो. शेवटी टॅब पिशवीत घातला आणि काकांच्या मागे निघाले.

घरी डॉक्टरांनी जखम बघायला मागितली. काकांनी एका हातानं मान सावरत काकींना अलगद कुशीवर वळवलं. मी नाकाला रुमाल लावायच्या तयारीत होते. पण जखम स्वच्छ होती, कोरडी, कडेनं भरत आलेली. खाली धुऊन मऊ झालेल्या धोतराच्या घड्या होत्या.

"चांगली भरतेय," डॉक्टर म्हणाले. "रोज साफ कोण करतं?"

"ह्या नर्सबाई," काका भिंतीकडे पाहत म्हणाले.

त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं. काकींचा धड राहिलेला डावा हात गोधडीतून हळूहळू वर आला आणि काकांकडे बोट दाखवत राहिला.