पालकाची सही

भिंगरीने चार पानी कॅरेक्टर शीट आजोबांच्या पुढ्यात आपटली. "आजोबा, ह्या कागदांनी माझे मित्र पळवले!"

खेळ तसा साधा होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. पण आपलं पात्र कोण, त्याला काय येतं, हे आधी ह्या कागदांवर भरावं लागे आणि तिथेच घोडं पेंड खायचं. मागच्या रविवारी वरच्या मजल्यावरचा चष्मिश दुसऱ्या पानावर जांभया देऊ लागला. समोरचे जुळे भाऊ तिसऱ्या पानावर पाणी प्यायला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत. भिंगरी इमारतीत नवीन. तिच्याशी बोलणारे जेमतेम हे तिघेच.

"ह्या रविवारीपण असंच झालं तर ते बॅडमिंटनला जाणारेत. मला कुणी घेणार नाही."

आजोबांनी सगळी नोकरी एका कार्यालयात फॉर्म आखण्यात घालवली होती. त्यांनी चष्मा पुसला. "चार पानं? अगं, माणसाचा जन्म एका पानात नोंदवून होतो. तुझा राक्षस मारणारा कोण एवढा लागून गेला? बस इथे. हे 'चिलखताचं वजन' कशाला?"

"माहीत नाही."

"मग काढ. आता कागद विसर आणि सांग, तुझा मित्र खेळायला बसला की पहिल्यांदा काय विचारेल?"

भिंगरीने डोकं खाजवलं. "मी कोण? मला काय जमतं? माझ्या पिशवीत काय आहे?"

"आणि भीती कशाची वाटते? ते हवंच. त्याशिवाय गोष्टीत मजा नाही."

संध्याकाळपर्यंत एक पान तयार झालं. मोठी अक्षरं, मुलांचं लिखाण मावेल अशा चौकटी आणि खूण करायला चार धंदे : योद्धा, जादूगार, वैद्य, चोर. भिंगरी तर नाचायचीच बाकी राहिली. पण पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती आणि रिकामी जागा आजोबांच्या डोळ्यांत खुपायची. हात आपोआप चालला. त्यांनी ओळ आखून लिहिलं, 'पालकाची सही. अपूर्ण अर्ज स्वीकारला जाणार नाही.'

भिंगरीने शनिवारी पानं वाटली. मुलं आज्ञाधारक निघाली.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात चष्मिशची आई. ही दातांची डॉक्टर, हातात कागद.

"काय प्रकार आहे हा? मुलगा सकाळी उठून म्हणतो, आई, मी चोर झालो, सही कर!"

मागून जुळ्यांचे बाबा आले. ते गाडी चालवायला शिकवायचे, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच चढा. "तुमचं बरंय हो! आमच्या दोघांनी 'भीती कशाची' पुढे काय लिहिलंय? 'बाबा'! आणि खाली सही मी करायची!"

तिन्ही मुलं त्यांच्या आड उभी होती. भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. आता बॅडमिंटनच काय, जिन्यातसुद्धा कुणी बोलणार नव्हतं.

"चूक माझी," आजोबा म्हणाले. "हाताची सवय, दुसरं काय. पण नीट वाचल्याशिवाय सही करू नये, हे मीच लोकांना सांगत आलो. तेव्हा बसा, खेळ बघा. मग सही करा, नाहीतर फाडून टाका."

"पाचच मिनिटं," डॉक्टरीणबाई बजावून बसल्या.

भिंगरीने सुरुवात केली. "नदीवर पूल आहे. पुलावर राक्षस. त्याचा एक गाल फुगलाय आणि तो सारखा ओरडतोय..."

थोरल्या जुळ्याच्या योद्ध्याने तलवार उपसली, पण फाशावर एकच ठिपका आला आणि योद्धा सरळ नदीत पडला.

"अरे, मारताय काय त्याला!" डॉक्टरीणबाई उसळल्या. "गाल सुजलाय, ओरडतोय, म्हणजे दाढ दुखतेय बिचाऱ्याची! तुमच्यात वैद्य कोण आहे?"

"कुणीच नाही," चष्मिश म्हणाला.

बाईंनी पर्समधून पेन काढलं. मग हळूच म्हणाल्या, "कोरा कागद आहे का एखादा?"

"मग मलाही द्या," जुळ्यांचे बाबा म्हणाले. "पुलावर जायची ही काय रीत झाली? पुढे कोण, मागे कोण, काही ठरलंय?" त्यांनी अर्ज भरला. 'भीती कशाची' पुढे थोडा विचार करून लिहिलं, 'दोन्ही मुलं'.

चहा गाळून होईपर्यंत दोघांचे कागद भरून झाले होते. "वा, काय सुटसुटीत केलंय हो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दवाखान्यात असा फॉर्म असता तर माणसं निम्मं दुखणं बाहेरच विसरली असती. थँक्यू हं, आजोबा."

फॉर्मबद्दल कुणी आभार मानण्याची आजोबांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ते न पडलेली पेन्सिल शोधायला टेबलाखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

राक्षसाची दाढ निघाली, पूल मोकळा झाला, पलीकडे गुहा लागली. बाहेर दिवे लागले. मुलं केव्हाच चपला घालून दारात उभी होती.

"आई, चल ना. भूक लागलीय."

"थांब रे! गुहेत कुणीतरी कण्हतंय."

चष्मिशने भिंगरीला बाजूला ओढलं. जुळेही सरकले.

"भारी आहे तुझा खेळ," तो कुजबुजला. "तू बुधवारी काय करतेस? बुधवारी आईचा दवाखाना उशिरापर्यंत असतो."

"आणि बाबांची शिकवणी," जुळे एका सुरात म्हणाले.

भिंगरीने मान डोलावली. तेवढ्यात आतून दोन मोठी माणसं एकदम ओरडली, "अगं ए, गेलीस कुठे? गुहेत पुढे काय झालं?"