रशीदभाईंचं थर्मामीटर

पाहुण्याला चहा देण्याआधी त्यात थर्मामीटर बुडवणारा माणूस अख्ख्या कोरपन्यात एकच: आमचे कूलरवाले रशीदभाई. "पंच्याहत्तर हाय. दोन मिनिटं थांबा मास्तर, जीभ पोळंल," असं म्हणून ते काचनळी पायजम्याला पुसत आणि खिशात पेनाशेजारी खोचत. हे थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतलं. विज्ञानशिक्षक या नात्याने मीच त्यांना दोन दिवसांसाठी दिलं होतं. त्याला चार वर्षं झाली होती.

रशीदभाईंचं शिक्षण चौथी, शंका मात्र एम.एस्सी.च्या. कूलरला वाळ्याची ताटी बसवता बसवता विचारत, "ओला कपडा अंगावर वाळला का गार लागते. काऊन?"

"बाष्पीभवन," मी वर्गातल्या आवाजात सांगायचो.

"हे तं त्याचं नाव झालं. काऊन कुठी सांगतलं तुमी?"

एका मे महिन्यात मी त्यांना तणतणत बोलावून आणलं. नवा कूलर, नवी ताटी, आणि घरात सगळे घामाने चिंब! थंडावा निसटू नये म्हणून मी दारं-खिडक्या लावून फटींत रद्दी कोंबली होती. ती पाहून रशीदभाई इतके हसले, की त्यांना उचकी लागली.

"मास्तर, ओल्या हवेले बाहेर निंघाले रस्ता तं ठेवा! पोरायले काय शिकवता?"

"हेच," आतून बायको म्हणाली.

त्यांचा सगळ्यात मोठा 'काऊन' घरातल्या माठाबद्दल होता. उन्हाळाभर रोज दुपारी ते माठातल्या पाण्याचं तापमान मोजत आणि वहीत लिहीत.

"सलमा होती तवा हेच पाणी दाताले झोंबे. माठ तोच, जागा तीच, बोअरिंग तीच. ती गेली अन् पाणी साधं झालं. काऊन, मास्तर?"

सलमाभाभींना जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि या वेळी चक्क मला उत्तर येत होतं! आमच्याकडचं पाणी चुनखडीचं. क्षारांनी माठाची छिद्रं बुजली असणार. "उकळतं पाणी ओता, मोकळी होतील," मी ऐटीत सांगितलं. त्यांनी माझ्यासमोरच ओतलं. टक्कन आवाज झाला आणि माठाच्या पोटावर केसाएवढी चीर उमटली.

रशीदभाई चिरेवरून बोट फिरवत राहिले. बाष्पीभवनाचं नावही न काढता मी चपला पायात सरकवल्या.

पुढचा आठवडाभर मी शाळेत लांबच्या रस्त्याने गेलो. मग एका दुपारी तेच दारात उभे, हातात तांब्या.

"पिऊन पाहा."

माझे दात शिवशिवले. "फुटक्या माठातलं? काऊन?" आता विचारणारा मी होतो.

"चिरेतून झिरपते. खाली घमेलं ठेवलं. माठाचं अंग दिवसभर ओलं राह्यते, म्हणून." ते पायरीवर टेकले. "सलमा जाता-येता त्याले ओल्या फडक्यानं पुसे, मास्तर. मी हासो तिले. मले वाटे, धूळ पुसून राह्यली."

त्यांनी खिशातलं थर्मामीटर काढून माझ्या हातात ठेवलं.

"घ्या, शाळेचं. सलमा होती तवा मी आल्यागेल्याले सांगत होतो, का माठ मोठा चांगला भेटला."