येसाजी मुंगसाची रजा

एका जंगलात, बाळांनो, मध खावासा वाटला तर कुणी पोळ्यापर्यंत जात नसे. झाडाखाली लोळत नुसता निरोप धाडायचा, की गाठोडं घरपोच. तुमचा गोष्टीवालाही असाच आळशी, म्हणून त्याला हे जंगल फार आवडतं.

गाठोडी पोचवणाऱ्यांत येसाजी नावाचा मुंगूस होता. तो प्रत्येक दारात थांबायचा, ख्यालीखुशाली विचारायचा, मग पुढं जायचा.

एक दिवस त्यांच्यावर मोजणीसाहेब म्हणून बगळा आला. बगळ्यानं जन्मात गाठोडं उचललं नव्हतं. पण एका पायावर उभं राहून दुसऱ्यांची पावलं मोजण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यानं प्रत्येक वाहकाच्या पाठीवर एक रातकिडा बसवला.

"दारात हाक मारा," बगळा म्हणाला. "किडा दहा वेळा किर्र करील. तेवढ्यात कुणी आलं नाही, तर 'घरी कोणी नव्हते' असं पान चिकटवा आणि सुटा. अकराव्यापासून दर किर्रला एक गुण कापला जाईल."

"आणि गाठोडं पोचलं नाही, त्याचं काय साहेब?" येसाजीनं विचारलं.

"त्याचं काही नाही. परत आणलेलं गाठोडंही हाताळलेलंच असतं ना? महिन्यात पहिला येईल, त्याला एक दिवस रजा."

येसाजीचे कान टवकारले. नदीपलीकडे त्याची बहीण कोंडाई राहायची. पौर्णिमेला तिच्या पिल्लाचं उष्टावण होतं, आणि पहिला घास मामानं भरवायचा असतो. "दादा, तू आल्याशिवाय खिरीला कुणी हात लावणार नाही," असा तिचा निरोप होता. बिनरजेचं जावं तर कामच जायचं.

मग काय, येसाजी सुटला.

गोगलगाय मावशीचं घर तिच्या पाठीवरच. ती घराबाहेर जाणार तरी कशी? पण शंखातून तोंड काढायला तिला वीस किर्र लागायचे. येसाजीनं दहा मोजले, शंखावरच 'घरी कोणी नव्हते' चिकटवलं आणि पळाला. ते पान पाठीवर घेऊन मावशी जंगलभर हिंडली.

"अरे मेल्या," तिनं त्याला गाठलं तेव्हा चार दिवस उलटले होते, "मी आत नव्हते, तर घर चाललं कुणाच्या पायांनी?"

"मावशी, तुझं अगदी खरं आहे. पण किड्याला पटत नाही गं."

म्हादबा रेडा मात्र मावशीचं तोंड बाहेर येईपर्यंत उभा राही. महिनाअखेर तो शेवटून पहिला आला.

आणि येसाजी पहिला! बगळ्यानं रजेचा हुकूम रीतसर गाठोड्यात बांधला आणि घरपोच धाडला. पौर्णिमेच्या आदल्या सकाळी येसाजीच्या ओझ्यात चाळीस गाठोडी होती. सतरावं होतं ओढ्याकाठच्या, उंबराखालच्या बिळाचं.

दार ओळखीचं वाटलं. पण ओळख काढायला गुण नव्हते. येसाजीनं हाक मारली. कुणी उघडलं नाही. उघडणार कोण? तो पान चिकटवून सहाव्या किर्रलाच निघाला, आणि आपण किती चपळ झालो आहोत याचा त्याला वाटभर अभिमान वाटत राहिला.

संध्याकाळी घरी आला तर दारावर पान. 'घरी कोणी नव्हते.' अक्षर त्याचंच.

तो धावत बगळ्याकडे गेला. "साहेब, ते माझं गाठोडं होतं! माझी रजा!"

"होती. पण परत आली, तेव्हाच रद्द झाली. तू घरी नव्हतास. तुझंच लेखी आहे."

"घरी कसा असेन? मी तुमचीच गाठोडी वाटत होतो!"

"बरं. तक्रार लिहून घेतो," बगळा म्हणाला. "कुणाविरुद्ध लिहू? वाहक येसाजीविरुद्ध?"

येसाजीला रडू येत होतं, आणि मधूनच हसूही. "लिहा," तो म्हणाला. "दहासुद्धा मोजले नाहीत म्हणावं त्यानं. माठ कुठला!"

दुसऱ्या दिवशी कोंडाईनं दुपारपर्यंत वाट पाहिली. खीर गार झाली. पिल्लू रडून रडून लाल झालं. तेवढ्यात म्हादबा तिचं गाठोडं घेऊन आला.

"भाऊ, आमचा दादा काही आला नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "तूच हो मामा."

म्हादबा खाली बसला. त्यानं घास भरवला, दोन वाट्या खीर खाल्ली, पिल्लाला पाठीवर बसवून अंगणात फिरवलं. किर्र करून करून रातकिडा झोपी गेला. त्या दिवशी म्हादबाचे एकशे चाळीस गुण कापले गेले.

पिल्लू आता म्हादबालाच मामा म्हणतं. येसाजीच्या दारावर ते पान अजून आहे. तो घरी असला तरी काढत नाही. म्हणतो, राहू दे, खोटं कुठं आहे?

तात्पर्य : रजा हवी असेल, तर ती घ्यायला घरी हजर राहावं. घरी हजर राहायला रजा लागते. तेव्हा बाळांनो, पळत राहा. हे तात्पर्य पटलं नाही, तर गोष्टीवाल्याच्या दारात येऊन हाक मारा आणि दहापर्यंत मोजा. तो घरी नसतो.