शिराळ्याला गेलेली नानकटाई

हरणाबाईंनी मैदा, पिठीसाखर आणि घरच्या तुपाचा डबा पल्लवीपुढे ठेवला, स्टूल ओढलं आणि भट्टीसमोर ठाण मांडलं. उंब्रजच्या त्या बेकरीत घरचं साहित्य देऊन नानकटाई करून घ्यायची रीत होती. आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये म्हणून नानकटाई डब्यात भरेपर्यंत बायका जागच्या हलत नसत. हरणाबाई तर डोळ्याची पापणीसुद्धा हिशेबानं लववणाऱ्या.

“चांगली खुसखुशीत कर गं पल्लवे. उद्या राजाला घिऊन शिराळ्याला जायाचं हाय. पोरगी बघायला.”

पल्लवीच्या हातून चाळणी खाली पडली.

राजा म्हणजे हरणाबाईंचा राजवर्धन. शिरवळच्या कंपनीत होता, शनिवारी घरी यायचा. रविवारी संध्याकाळी परत जाताना बेकरीत थांबायचा, खारी घ्यायचा, “बरं हाय न्हवं?” एवढं विचारायचा आणि निघायचा. त्या तीन शब्दांवर पल्लवी पुढचा आठवडा काढायची.

आता बिचारीच्या हाताला एक खोड होती. पीठ मळताना मनात जे असेल ते पिठात उतरायचं, आणि पिठातून खाणाऱ्याच्या मनात. एकदा दाराशी कचरा टाकणाऱ्यावर चिडून तिनं पाव केले, तर सकाळच्या चहालाच घरोघरी भांडणं जुंपली. शेजारची शिलाईवाली रेश्मा सोडली तर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रेश्मा म्हणायची, “अगं, देणगी हाय ही!” पल्लवीला मात्र ते संकट वाटायचं. राजवर्धन हसला की तिला वाटे, हा मला बघून हसला की खारीनं हसवला? आपल्यात बघण्यासारखं काही असेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

“रेश्माला मळू दे का, मावशी? माजा हात दुखतोय.”

“अजाबात न्हाई. तिच्या घरात सासू आलीया. मन थाऱ्यावर न्हाई तिचं.”

नाइलाजानं पल्लवीनं परातीत हात घातला. मन कोरडं ठेवायचं म्हणून तिनं सतराचा पाढा सुरू केला.

“पोरगी नाकीडोळी नीटस हाय म्हनं.”

सतरा चोक अडुसष्ट.

“राजाला पसंत पडली तर दिवाळीआधी बार उडवून टाकू.”

सतरा पंचे पंच्याऐंशीच्या पुढे पाढा गेलाच नाही. रविवारची वाट पाहणं, पाठमोऱ्या मोटारसायकलीकडे बघत राहणं, न बोललेलं सगळंच्या सगळं त्या तुपात मुरलं. आता एकच उपाय उरला होता, सगळा घाणाच जाळून टाकायचा. नानकटाईचे पत्रे भट्टीत सारून पल्लवी मुद्दाम फडकं शोधत बसली.

“पल्लवे, करपंल की गं!” म्हणत हरणाबाईंनी पदरानं धरून पत्रे स्वतःच बाहेर ओढले. नानकटाई बदामी रंगावर आली होती. इतकी देखणी पल्लवीच्या हातून कधी झाली नव्हती.

“मावशी, ही ऱ्हाऊ द्या. दुसरी करून देते.”

“का? तूप काय झाडाला लागतंय माज्या?”

डबा भरला आणि गेला.

रविवारी दिवेलागणीला हरणाबाई हाशहुश करत बेकरीत शिरल्या. डोळे रडून लाल.

“त्या तुपाला काय वास येत व्हता का गं?”

“का वो मावशी?”

“आगं, पोरीचा बाप, त्यो दादासो, एक नानकटाई खाल्ली आन् ढसाढसा रडाय लागला. आवं काय झालं म्हनलं, तर म्हनतो इकल्याल्या मेंढरांची आठवण आली. स्थळ सुचवल्याला अर्जुना, त्यानं भांडून गेलेल्या बायकूला फोन लावला. आन् पोरगी! चहाचा ट्रे खाली ठिवला आन् सगळ्यांम्होरं सांगितलं, माजं इस्लामपुरातल्या पोरावर मन हाय.”

“आन् तुमी?”

“मी आत्ता निगाले जतला, भैनीकडं. लय वर्सं झाली बोललो न्हाई आमी.” त्यांनी नाक पुसलं. “म्हशीनं काय खाल्लं व्हतं कुणास ठाऊक!”

पल्लवीनं जीव मुठीत धरून विचारलं, “आन् राजा?”

“त्यो? चार खाल्ल्या आन् निवांत बसला. ना रडला, ना बोलला. दगड हाय नुसता.”

हरणाबाई गेल्या आणि पल्लवी पिठाच्या पोत्यावर मटकन बसली. तिचं सगळं मन त्या माणसानं चार घासांत खाल्लं होतं आणि त्याला काहीसुद्धा झालं नव्हतं. म्हणजे तिथं काही नव्हतंच. तिला मनापासून रडू आलं.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

“बरं हाय न्हवं?” राजवर्धन दारात उभा होता.

“खारी देऊ?” डोळे पुसत तिनं विचारलं.

“द्या.”

पुडा बांधता बांधता तिला राहवेना. “नानकटाई खाऊन तुमाला काईच झालं न्हाई म्हनं.”

“काय व्हायचं?”

“म्हंजे, समद्यांना कुणाकुणाची आठवण आली. जीव कासावीस झाला.”

“ते व्हय,” राजवर्धन बरणीच्या झाकणाशी चाळा करत म्हणाला. “तसं तर मला शिरवळात रोजच व्हतं. म्हनलं, यात नवीन काय.”

“कुणाची आठवण येती?”

त्यानं बरणीवरून नजर उचलली आणि तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला.

पल्लवीचं मन उडालं आणि सवयीप्रमाणे लगेच खाली आलं. “त्ये तुमचं न्हवं. त्ये खारीचं हाय,” ती म्हणाली, आणि हाताची खोड, पाव, भांडणं, सतराचा पाढा सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. तो हसला नाही. नीट ऐकून घेतलं.

“तरीच!”

“तरीच काय?”

“माज्या खोलीवरची पोरं बिघडल्यात. येकजण कविता करतोय, दुसरा जेवता जेवता उसासं टाकतोय. मला वाटलं पाणी बाधलं. खारी ती पोरंच खात्यात न्हवं का!”

“आन् तुमी?”

“मला खारी आवडत न्हाई. घशात भुगा बसतो.”

पल्लवी पुड्याचा दोरा तसाच हातात धरून उभी राहिली.

“मग दर रविवारी नेता कशाला?”

“बेकरीत येऊन दुसरं काय मागायचं?”