सबनीसांच्या घराची प्रकृती

लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी एक गृहस्थ स्वतःच्याच घराच्या भिंतीला स्टेथोस्कोप लावून उभे असत. हे आमचे शेजारी, डॉक्टर सबनीस. तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांच्या छात्या तपासल्या, आणि निवृत्तीनंतर पेशंट संपले म्हणून घर तपासायला घेतलं.

बॉयलरला दमा, पन्हळीला जुनाट सर्दी, जिन्याला संधिवात. सगळ्याची तारीखवार फाइल होती. त्यांच्या बागेतलं बीचचं झाड आपली सगळी पानं आमच्या छपरावर ओतायचं. मी तक्रार केली की डॉक्टर मान वर करून झाडाकडे बघत आणि म्हणत, "ऑब्झर्व्हेशनखाली ठेवू." सहा वर्षं झाड ऑब्झर्व्हेशनखाली होतं आणि मी दर नोव्हेंबरात शिडीवर.

त्यांच्या पत्नी, मंदाकाकू, मी दिसलो की चहा टाकत. तो पिऊन होतो न होतो तोच पुन्हा चहा विचारत. मी दोन्ही वेळा हो म्हणायचो. आलं घातलेला आयता चहा इंग्लंडात कोण सोडतो!

मग एजवेअरला राहणाऱ्या अमेयनं, त्यांच्या मुलानं, हट्ट धरला. एवढं मोठं घर कशाला, आमच्याजवळ फ्लॅट घ्या. डॉक्टर चक्क हो म्हणाले. दाराशी 'फॉर सेल'ची पाटी लागली. घर मात्र मीच दाखवणार, असं त्यांनी एजंटला बजावलं, आणि तिथंच सगळं फसलं.

कारण डॉक्टर घर दाखवत नसत, केस सांगत. एका गोऱ्या जोडप्याला त्यांनी गालिचा उचलून खालची ओल हुंगायला लावली. "क्रॉनिक," ते अभिमानानं म्हणाले, "नो क्युअर." एजंट बिचारा गाडीत जाऊन बसला. अकरा जण आले आणि अकरा पळाले.

अमेय फोनवर वैतागला. "बाबा, व्हाय टेल देम एव्हरीथिंग? एखादा चांगला गोष्ट पण सांगा ना!"

"अरे, हिस्ट्री लपवून पेशंट दुसऱ्या वॉर्डात पाठवतात का?"

मला भारी गंमत वाटायची. म्हातारा तिरसट आहे, झालं.

बाराव्या खेपेला नागपूरचं एक तरुण जोडपं आलं. मुलीचे दिवस भरत आलेले. मी पुढच्या खोलीत बसलो होतो. डॉक्टरांनी बॉयलरपासून बीचपर्यंत सगळे रोग सांगितले. मुलगी हसून म्हणाली, "एवढं तर राहतेच नं काका. आम्हाला आवडलं. घेतो आम्ही."

डॉक्टर फाइलची पानं उलटत राहिले. एखादा रोग सांगायचा राहिलाय का, ते शोधत होते. सापडला नाही. मग त्यांनी स्वयंपाकघराकडचं दार लोटून घेतलं. आत काकू चहा करत होत्या.

"हिच्या लक्षात राहत नाही आता," ते हळूच म्हणाले. "पण ह्या घरात साखर कुठं, बाथरूम कुठं, हे तिला विचारावं लागत नाही. पाय आपोआप जातात. नव्या घरात रोज विचारावं लागेल. मग तिला कळेल, आपल्याला काय झालंय ते."

"अमेयला माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. तो तिच्यासमोरच रडेल. घर विकायला नाही म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं."

मला स्वतःची लाज वाटली. सहा वर्षं मी त्या घरात चहा पीत होतो, आणि मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं.

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. "काय मग, पसंत पडलं का घर?"

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे वळून म्हणाली, "घर छान आहे काकू, पण ओल फार आहे. बाळाला नाही झेपायची. आम्ही दुसरं बघतो."

डॉक्टरांनी घाईघाईनं काकूंच्या हातातला ट्रे घेतला. कप खडखडले.

"अगं, मग राहू दे," काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आम्हाला तरी कुठं जायचंय?"